अप्पांची उर्दू पाटी

मी पत्रकं लिहिणारी. पहिल्या ओळीत आरोप, शेवटच्या ओळीत मागणी आणि मधे जागा उरली तर माणूस, ही आमची शिकवण. अप्पांवर लिहायला बसले तेव्हा पहिली ओळच जमेना, कारण आरोप कुणावर करायचा ते ठरत नव्हतं. अजूनही ठरलेलं नाही. म्हणून या वेळी आधी माणूस.

गाव सोनपेठच्या पुढचं, परभणी जिल्हा संपतो तिथलं. ओढ्याच्या अलीकडं परभणी, पलीकडं बीड. नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांच्याविषयी लिहिते ती माणसं अजून तिथंच राहतात. हद्दीवरच्या गावाला दोन जिल्हे असतात असं नकाशा बघणाऱ्याला वाटतं. खरं तर एकही नसतो. पलीकडच्या दवाखान्यात गेलं की "तुमचं गाव आमच्याकडं येत न्हाई" असं ऐकायचं. अलीकडच्या नर्सबाईच्या फिरतीत हे गाव सगळ्यात शेवटी, आणि तिचा दिवस शेवटच्या गावापर्यंत कधी पुरायचा नाही. अशा गावात वाचनालय आहे, हेच मला आधी खरं वाटलं नव्हतं.

ग्रामपंचायतीच्या आवारातल्या दोन खोल्या. एकीत पुस्तकांची कपाटं, दुसरीत वर्तमानपत्रांचं लांब टेबल. टेबलाच्या डोक्याशी, भर मे महिन्यातही गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली काळी शेरवानी घालून अप्पा बसलेले. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात कपड्याआड लिंग, हातात बोरू. तोंडात मात्र अशी उर्दू, की मशिदीचे मौलवीसाहेबसुद्धा एखाद्या शब्दाला थांबून अर्थ विचारायचे. लिंगायत वाण्याच्या घरात जन्मलेला हा माणूस निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकला, उर्दूतूनच रजिस्ट्री कचेरीत लागला आणि लोकांच्या जमिनींचे दस्त नोंदवत म्हातारा झाला. मधेच संस्थान गेलं, कचेरीची भाषा मराठी झाली, ती त्यांनी बिनतक्रार लिहिली. पण रागवायचं झालं की उर्दूतच. मराठीतला राग त्यांना उघडा वाटायचा.

मी पहिल्यांदा गेले ती नामांतराची पत्रकं घेऊन. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मागितलं म्हणून आमच्या लोकांची घरं जाळली गेली, त्याला तेव्हा काही वर्षं होऊन गेली होती. मी कॉलेज अर्धं टाकून पिशवी खांद्याला लावून हिंडत होते. अप्पांनी पत्रक घेतलं, चष्मा पुसला, बोरू शाईत बुडवला आणि माझ्या डोळ्यांदेखत माझंच पत्रक दुरुस्त करायला लागले.

"धिक्कार तीनदा लिवलाय तुमी."

"तीनदा करायचाय म्हणून."

"एकदा करा. तिसऱ्यांदा तो स्वस्त होतो. आन् ह्या वाक्याला क्रियापदच न्हाई. जळालेल्या घरांचं काय झालं ते वाचणाऱ्याला कसं कळावं?"

मी चिडून म्हटलं, "क्रियापद नसलं तरी घर जळतं, अप्पा."

त्यांनी बोरू खाली ठेवला आणि माझ्याकडं नीट पाहिलं. "हे लिवा," ते म्हणाले. "हे का न्हाई लिवलं? एवढं एकच वाक्य लिवलं असतं तर बाकीचं मीबी खोडलं नसतं."

नामांतराला त्यांचा पाठिंबा होता का? नव्हता. नाव बदलून परीक्षा लवकर होणार आहेत का, निकाल वेळेवर लागणार आहेत का, असं ते मलाच विचारायचे, आणि मी टेबल आपटायची. पण वाचनालयाच्या समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब एक दिवस आले, टेबलावर माझं पत्रक दिसलं आणि त्यांनी ते फाडायला उचललं, तेव्हा अप्पा जागचे उठले. पत्रकाच्या मागच्या बाजूला वाचनालयाचा शिक्का होता. क्रमांक घातलेला होता. अप्पांनी ते चक्क पुस्तक म्हणून दाखल करून घेतलं होतं.

"भाऊसाहेब, फाडा खुशाल," अप्पा म्हणाले. "पन ते आता संस्थेची मालमत्ता हाय. तपासनीसाला मी काय सांगू, अध्यक्षांनी फाडलं म्हणून?"

भाऊसाहेबांनी पत्रक घडी करून परत ठेवलं. मी बाहेर येऊन पोट धरून हसले. अप्पांना त्यात काही विनोद दिसला नाही. लिहिलेली वस्तू फाडायची नसते, एवढंच त्यांचं म्हणणं. माझ्या विरोधातलं पत्रक आलं तरी ते त्यालाही शिक्का मारतील असं मला वाटलं, आणि पुढं तसं एक आलं तेव्हा त्यांनी तो मारलाही.

आणखी एक लिहायलाच पाहिजे, नाहीतर हे चित्र खोटं होईल. अप्पा तिथल्या आमच्या लोकांच्या वस्तीत यायचे, पुस्तकं द्यायला यायचे, पोरांचं वाचन ऐकायचे, पण पाणी घ्यायचे नाहीत. आमच्याकडंही नाही, मुसलमानांच्या मोहल्ल्यातही नाही. स्वतःचा पितळी गडू बरोबर. मी एकदा तोंडावर विचारलं. "माझा नेम हाय," म्हणाले. "कुणाविरुद्ध न्हाई." मी म्हटलं, नेम कुणाविरुद्ध नसतो, अप्पा, तो बरोबर कुणाला तरी लागतो. त्यांनी गडू काही सोडला नाही.

आता पाटीकडं येते.

उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या की त्या भागात लहान मुलं ढाळ-वांतीनं "जायची". मरायची, असं स्पष्ट लिहिते. तालुक्याच्या एका तरुण डॉक्टरनं अप्पांच्या हातात एक मराठी पत्रक दिलं. चिमूटभर मीठ, मूठभर साखर, तांब्याभर उकळून गार केलेलं पाणी. प्रत्येक जुलाबानंतर लगेच पाजा. दवाखाना गाठेपर्यंत एवढ्यावर पोर तगतं. अप्पांनी ते वाचलं आणि विचारलं, "हे निम्म्याच गावाला का?"

निम्मं गाव मुसलमान. पिंजारी, आतार, मणेर. मराठी सगळ्यांना बोलता येते, पण अक्षरं त्यांच्या पुरुषांनी मशिदीत शिकलेली, ती उर्दूची. एसटीची पाटी, पोस्टाची पाटी, औषधाच्या बाटलीवरचा कागद, सगळं त्यांच्यापुढं मुकं. ओढ्यापलीकडच्या गावांतही तेच. समिती म्हणाली, वाचनालयानं दवाखान्याची कामं कशाला करायची. अप्पा म्हणाले, "लिवलेलं माणसापर्यंत पोचवायचं, हे वाचनालयाचं काम. मग ते पुराण असो का मीठ-साखर." आणि स्वतः पत्रा आणून, पांढरा रंग देऊन, डावीकडं मराठी आणि उजवीकडं उर्दू अशी पाटी रंगवली. उर्दूची अक्षरं अशी देखणी, की मी एक अक्षरही न वाचता तिच्यासमोर उभी राहिले.

उर्दूचा मथळा होता, "इसहाल का इलाज".

दोन दिवसांनी रबियाबी मणेरीण आली. डोक्यावर बांगड्यांची पेटी, आणि बोलणं असं की अर्धं गाव तिच्या वाटेला जात नसे. पेटी टेबलावर, वर्तमानपत्रांवरच ठेवत ती म्हणाली, "अप्पा, मेरा मरद पढके सुनाया, इस साल का इलाज लिखे बोलके. अच्छा किए. पन पिछले साल जिनके बच्चे मरे, उनका क्या?"

"इस साल नहीं, बी," अप्पा म्हणाले. "इसहाल. अरबी लफ्ज है. पेट की बीमारी."

"अरबी है तो अल्ला को मालूम. हमना कैसा मालूम होना?"

टेबलाभोवती बसलेली सगळी माणसं हसली. मीही हसले. अप्पा हसले नाहीत. पुढं कितीतरी दिवस गावातली टवाळ पोरं त्यांना बघून "इस साल काय भाव, अप्पा?" म्हणायची, आणि ते शेरवानीची वरची गुंडी चाचपत निघून जायचे.

मौलवीसाहेबांनी सुचवलं, दस्त लिहा, सगळ्यांना कळतं. उर्दूत पोट बिघडण्याला दस्त म्हणतात. अप्पा ताडकन म्हणाले, "मौलवीसाब, उभी हयात मी दस्त नोंदवले. खरेदीचे, गहाणाचे, बक्षीसपत्राचे. तो लफ्ज मी संडासात न्यू?"

तेव्हाही आम्ही हसलो. किती हसलो आम्ही त्या पाटीवर.

शेवटी अप्पांनीच तोड काढली. जुलाब. शब्द मूळचा उर्दू-फारसीकडचाच, मराठीत रुळलेला, बाजारात हिंदू-मुसलमान सगळ्या बाया बोलणार. पाटीच्या दोन्ही बाजूंना एकच शब्द. "दोन भाषांच्या पाटीला याच्याहून बरं काय पायजे?" ते खुशीत म्हणाले. मराठीत होतं, "प्रत्येक जुलाबानंतर मीठ-साखरेचं पाणी पाजा." उर्दूत त्यांनी लिहिलं, "हर जुलाब के बाद नमक-शक्कर का पानी पिलाओ." सगळ्यांनी पाटी पाहिली. कुणाला काही खटकलं नाही. ज्यांना ती समजली असं वाटलं, त्यांना मीठ-साखरेचं पाणी कधी द्यायचं ते आधीच माहीत होतं.

हद्दीपलीकडच्या गावांतून मागणी आली, आम्हालाही अशी पाटी द्या. अप्पांनी बसून चार-पाच गावांसाठी रंगवल्या. एसटीनं टपावर टाकून त्या गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना गुणगुणताना ऐकलं.

पुढं एक दिवस मी वाचनालयात होते, तेव्हा रबियाबी आली. पेटी नव्हती. अंबाजोगाईच्या दवाखान्यातून ती सकाळीच परतली होती. तिची धाकटी पोर, दोन वर्षांची, सलाईनवर राहून वाचली होती. ती बसली नाही. टेबलाच्या पलीकडं उभी राहून तिनं विचारलं, "अप्पा, पाटी तुमीच लिखे ना?"

"हां, बी."

"हर जुलाब के बाद पानी देना बोलके लिखे ना?"

"हां."

"मैं वैसाच करी. एरंडेल दी, पानी दी. फिर एरंडेल दी, फिर पानी दी. बच्ची आंखां फिरा दी. तो उधर का डाक्टर मेरे कू बोलता, बाई, तू मां है के दुश्मन है?"

मला काही कळलं नाही. एरंडेल कुणी द्यायला सांगितलं होतं? मी तसं म्हणणार, तेवढ्यात अप्पांनी हात वर करून मला थांबवलं. ते उठून बाहेर गेले, भिंतीवरच्या पाटीसमोर उभे राहिले आणि त्यांनी उर्दू ओळ मोठ्यानं वाचली. मग पुन्हा वाचली. दुसऱ्यांदा ते "जुलाब"च्या पुढं गेले नाहीत.

मराठीत जुलाब लागतो. उर्दूत जुलाब देतात. हकीम देतो तो जुलाब. पोट साफ करायचं औषध, एरंडेल नाहीतर सनाय. रबियाबी बाजारात मराठी बोलताना "पोरीला जुलाब लागले" असं म्हणेलही. पण तोच शब्द उर्दू अक्षरांत पाटीवर आला की तो हकिमाचा होतो. हर जुलाब के बाद पानी पिलाओ. म्हणजे दर खेपेला आधी एरंडेल द्या, मग पाणी द्या. पोट आधीच वाहतंय, ते अजून वाहतं करा. पाटीवर तसंच लिहिलेलं होतं. मोहल्ल्यातल्या कुणीही तसंच वाचलं असतं.

रिकामा चेहरा म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिलं. अप्पा आत आले, खुर्चीपाशी आले, पण बसले नाहीत.

"बी," त्यांनी विचारलं, "बच्चे को ऐसा होता, तब तुम घर में क्या बोलते?"

"पेट जा रा बोलते. और क्या बोलना?"

"और लिखने में?"

"हम कब लिखे?" रबियाबी म्हणाली. जाता जाता दारात थांबून ती एवढंच बोलली, "डाक्टर का मैं नहीं सुनती थी, अप्पा. तुमारी पाटी थी बोलके सुनी."

गावातली पाटी अप्पांनी तिथल्या तिथं उतरवली, उर्दूचा शब्द खरवडला आणि "पेट जा रा" असं लिहिलं. मला ते अक्षर वाचता येत नव्हतं, पण लिहिणाऱ्याचा हात दिसत होता. ज्या हातानं सबंध हयात "मजकूर" आणि "बमूजिब" असले कचेरीतले भारदस्त शब्द लिहिले, त्यानं "जा रा" लिहायला पत्रा दोनदा पुसून घेतला.

संध्याकाळी समिती बसली. भाऊसाहेब हळू आवाजात बोलत होते, आणि ते हळू बोलले की मला भीती वाटायची.

"बाई अडाणी हाय. तिनं चुकीचं वाचलं. पोरगी जगली ना? मिटलं. बोभाटा झाला तर अनुदान जाईल."

"बाईच्या घरच्यानं बरोबर वाचलं," अप्पा म्हणाले. "मी चुकीचं लिवलं."

"मग असं करू. उर्दू बाजू काढूनच टाका. मराठी समद्यांना येती."

"बोलता येती. वाचता येत न्हाई."

"ते त्यांचं त्यांनी बघावं."

"आन् पलीकडच्या गावांत पाट्या गेल्यात त्यांचं? पत्र द्या संस्थेचं, पाटीवर चूक हाय म्हणून. एक माणूस धाडा."

"दुसऱ्या जिल्ह्याला आपली चूक लेखी द्यायची?" भाऊसाहेब उठलेच. "अप्पा, तुमचं वय झालं."

त्या रात्री मी वस्तीतच मुक्काम करून पत्रक लिहिलं. चांगलं झणझणीत. समिती, अध्यक्ष, अनुदान, जातीयवादी मनोवृत्ती, सगळं. सकाळी अप्पांना दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "यात माझं नाव कुठंय?"

"तुमाला वाचवलंय मी."

"मग खोटं हाय हे. चूक केली त्याचं नाव न्हाई आन् झाकली त्याचं हाय." त्यांनी बोरू घेतला आणि माझ्या मथळ्याखाली स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, लिहिलं. त्याखाली एक ओळ: जुलाब देऊ नये, फक्त मीठ-साखरेचं पाणी द्यावं. "हे वर घ्या. तुमच्या शिव्या खाली जाऊ द्या. वाचणारा पयल्या ओळीत थांबला तरी पोर जगलं पायजे."

मी तसं छापलं. वाचनालयाच्या किल्ल्या त्याच आठवड्यात त्यांच्याकडून काढून घेतल्या. त्यांनी हूं की चूं केलं नाही. कुलूप नीट बसतं का ते ओढून पाहिलं आणि किल्ल्या दिल्या.

मग ते पलीकडच्या गावांना निघाले. रंगाचे दोन डबे, सुरी, रॉकेलची बाटली, चिंध्या. माझं पत्रक मराठीत, तिथं ते वाचणार कोण? बायकांशी बोलायला कुणीतरी बाई पाहिजे म्हणून मी बरोबर गेले. पहिल्या दोन गावांत पाटी अजून ग्रामपंचायतीच्या खोलीत गोणपाटात गुंडाळलेलीच होती. कुणी लावलीच नव्हती. सरकारी आळसाचे आभार मानायची वेळ माझ्यावर त्या दिवशी आली. तिसऱ्या गावात ती एसटीच्या निवाऱ्याच्या भिंतीला ठोकलेली होती, सगळ्या रस्त्यावरून दिसेल अशी.

हे त्यांचं शेवटचं दर्शन. त्या पावसाळ्यात ते लेकीकडं उदगीरला गेले आणि तिथंच वारले.

निवाऱ्यातल्या बाकावर चढून अप्पांनी रॉकेलचा बोळा लावला आणि सुरीनं तो शब्द खरवडायला सुरुवात केली. शेजारच्या चहाच्या हॉटेलातून तीन-चार पोरं उठून आली. त्यांनी आधी कपाळावरची विभूती पाहिली, मग उर्दू अक्षरांवर चाललेली सुरी पाहिली.

"काय काका, उर्दू पुसायलाव का? लय बेस. आमी कवाच म्हणत होतो, आपल्या ष्टँडावर हे कशाला पायजे."

"पुसायलो न्हाई. दुरुस्त करायलोय."

"कशाला तकलीफ घेता? द्या इकडं, आमी साफ करतो समदंच."

एकानं बोळा उचलून खालच्या ओळीवर फिरवलासुद्धा. अप्पांनी सुरीच्या मुठीनं त्याच्या मनगटावर मारलं. पोरगं कळवळलं. मी दचकले, या माणसाला कुणावर हात उचलताना मी पाहिलं नव्हतं.

"हात काढ. तुझ्या आज्याच्या जमिनीचा दस्त ह्याच अक्षरात हाय. जा, घरी पेटी उघडून बघ. तेबी पुसतो का?"

पोरं मागं सरली. "म्हातारं येडं हाय," म्हणत, हसत हॉटेलात गेली. आपल्या माणसानं बोट दाखवलं तर ती पोरं भिंत पाडायला तयार होती, आणि कशासाठी ते एकानंही विचारलं नाही.

रस्त्याच्या पलीकडं एक माणूस उभा होता. पिंजारी. खांद्याला कापूस पिंजायची कमान, दाढीत तंतू अडकलेले. पोरं हॉटेलात जाईपर्यंत तो तिथंच थांबला. मग आला.

"सलाम साब. ये मत मिटाओ."

अप्पा बाकावरून वळले. "क्यूं?"

"काम की है. हमारे घर में काम आई. छोटी का पेट चला तो मैंच इधर आके पढा, घर जाके बताया. जैसा लिखा, वैसा पूरा किए. अल्ला ले गया, वो अलग बात." त्यानं कमान दुसऱ्या खांद्यावर घेतली. "पन हमारे वास्ते कोई इत्ता लिखा तो सही. कौन लिखता, साब? तुमी लिखे क्या? अल्ला तुमना खुश रखे."

मी अप्पांची बाही धरली. बोलू नका, एवढंच मला त्यांना सांगायचं होतं. त्या माणसाला तेवढं तरी राहू दे. अप्पांनी बाही सोडवून घेतली आणि बाकावरून खाली उतरले. त्यांची कचेरीतली उर्दू कुठं गेली कोण जाणे. ते त्याच्यासारखंच बोलले.

"भाई, पाटी गलत थी. मैं लिखा. जुलाब नहीं देना था."

"जुलाब नहीं देना?"

"नहीं."

"कितने बार नहीं देना?"

"एक बार भी नहीं. खाली पानी देना था."

तो पाटीकडं बघत राहिला. अर्धा खरवडलेला शब्द अजून दिसत होता. "मैंच पढा था," तो म्हणाला. कुणाला सांगत होता कळत नव्हतं. "उसकी मां बोली, अब बस करो, बच्ची में कुछ नहीं रहा. मैं बोला, लिखा है. हर जुलाब के बाद. और दे."

हॉटेलातला रेडिओ चालू होता. कुणीतरी बशी धुतली. अप्पा म्हणाले, "माफ..." आणि त्या माणसानं हात आडवा धरला. तो शब्द त्याला नको होता. मला वाटलं, आता मारेल. मारावं, असंही वाटलं. त्यानं कमान उतरवून भिंतीला टेकवली.

"घर में और एक है," तो म्हणाला. "अभी बैठने लगा. बराबर लिखो. मैं खडा हूं."

अप्पा पुन्हा बाकावर चढले. पहिलं अक्षर पाटीबाहेर भिंतीवरच गेलं. ते पुसलं, पुन्हा काढलं. तो माणूस खाली उभा राहून एकेक अक्षर तोंडानं म्हणत होता. पे. ये. टे. पेट. "रुको," तो मधेच म्हणाला. "ये नहीं पढा जाता. मोटा लिखो." अप्पांनी मोठं लिहिलं.

माझी गाडी आली. मला गंगाखेडची सभा गाठायची होती. "तुमी जावा," अप्पा वळून न बघताच म्हणाले, "मला अजून गावं हाईत." कंडक्टरनं घंटी मारली. मी मागच्या काचेतून पाहिलं. तो माणूस अप्पांच्या इतका जवळ सरकला होता की रंगाचा थेंब त्याच्या खांद्यावर पडला. तो हलला नाही. ओळ पुरी झाली होती बहुतेक, कारण त्याचं डोकं पुन्हा उजवीकडं वळलं आणि तो पहिल्या अक्षरापासून वाचायला लागला.